मालिका त्यांची, गोष्ट आपली

“बायांना काय, मालिका पुरतात!” हे वाक्य आपण प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. घरातले पुरुष म्हणतात, गावातले पुढारी म्हणतात. स्त्री-संघटनांच्या शिबिरांतूनही ते जरा निराळ्या शब्दांत ऐकू येतं. ‘प्रसारमाध्यमं आणि स्त्री-प्रतिमा’ हे सत्र ठरलेलंच असतं. मालिकेतली खाष्ट सासू, सोशिक सून, सतत मिरवलं जाणारं मंगळसूत्र यांची यादी फळ्यावर होते. हे सारं पुरुषप्रधान विचारांचं आहे असा निष्कर्ष निघतो आणि जेवणाची सुट्टी होते.

निष्कर्ष खोटा नाही. पण मैत्रिणींनो, त्या सत्रात एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. मालिका बघताना बाई स्वतः काय करत असते? समोर येईल ते ती नुसतं गिळते, की मनातल्या मनात भांडते, चूक दाखवते, पुढचं रचते? आणि हे मनातलं कागदावर आलं तर काय होतं?

या प्रश्नाचं एक उत्तर जवळपास साठ वर्षांपूर्वी निघालेल्या एका मासिकात सापडतं. मासिक अमेरिकेतलं, आणि विषय अवकाशयानाचा. आपल्या अंकात हे कुठून आलं, असं वाटेल. पण त्याचा आपल्या कामाशी सरळ संबंध आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. एंटरप्राइझ नावाचं यान, त्यावरचे अधिकारी आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह, असा तिचा थाट. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. तिच्यातलं सर्वांत लाडकं पात्र म्हणजे स्पॉक. आई पृथ्वीवरची, वडील परग्रहावरचे. भावना आवरून तर्कानं चालणारा, आणि दोन्हीकडे थोडा उपराच. हा माणूस इतक्या बायकांना आपला का वाटला असेल? माहेरी ‘परक्याचं धन’ आणि सासरी ‘बाहेरून आलेली’ हे ज्यांनी भोगलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हरा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड या दोघींनी ‘स्पॉकनालिया’ नावाचा अंक काढला. लँगसम ग्रंथपाल होत्या. केवळ या एका मालिकेला वाहिलेलं प्रेक्षकांचं पहिलं मासिक म्हणून तो ओळखला जातो. मासिक म्हणायचं एवढंच. १९७० पर्यंत त्याचे पाच अंक निघाले. त्यात कथा होत्या, कविता होत्या, चित्रं होती, स्पॉकच्या ग्रहावरच्या लोकांविषयी शास्त्रीय थाटाचे लेख होते आणि पत्रं होती. स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय यांचं पत्र पहिल्याच अंकात आहे. पुढे खुद्द रॉडनबेरींनी, आमच्या कार्यालयात तुमचा अंक वाचला जातो, असं या दोघींना कळवलं.

हे अंक निघायचे कसे? स्टेन्सिलवर टाइप करायचं, हातयंत्रावर प्रती काढायच्या, पानं जेवणाच्या टेबलावर मांडून जुळवायची, टाचायची, पाकिटात घालून टपालात टाकायची. किंमत खर्च भरून निघेल इतकीच. संघटनेची पत्रकं सायक्लोस्टाईल करताना जिच्या बोटांना शाई लागली आहे, तिला हे चित्र ओळखीचं वाटेल. त्याच काळात, तसल्याच यंत्रांवर अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांची पहिली पत्रकंही छापली जात होती.

विज्ञानकथा वाचणाऱ्यांची अशी हौशी मासिकं तिकडे १९३० पासूनच निघत होती. पण तो कारभार मुख्यतः पुरुषांचा. ‘स्टार ट्रेक’च्या मासिकांनी हे चित्र पालटलं. पुढच्या दहा वर्षांत अशी शेकडो मासिकं निघाली आणि त्यांच्या लेखिका, संपादिका, चित्रकार, वाचक यांत बहुसंख्या बायकांची होती. १९९२ साली कॅमिल बेकन-स्मिथ या अभ्यासक बाईंनी या लेखिकांवर एक मोठं पुस्तकच लिहिलं.

आता या बायका लिहीत काय होत्या ते पाहू. मालिका पुरोगामी म्हणून नावाजलेली. पण तिच्यातही बाईची जागा ठरलेली होती. १९६४ च्या अखेरीस चित्रित झालेल्या पहिल्या नमुना-भागात यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई होती. प्रत्यक्ष मालिका सुरू झाली तेव्हा ते पात्र गळलं, आणि तीच अभिनेत्री पुढे यानावरची परिचारिका म्हणून दिसली. मालिकेच्या लेखनात ज्यांचा मोठा वाटा होता त्या डोरोथी फोंटाना ‘डी. सी. फोंटाना’ एवढंच नाव लावत. बाईचं नाव वाचून संहिता बाजूला पडू नये, म्हणून. ३ जून १९६९ रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागाची कथा तर एका हुशार बाईची आहे. बाई असल्यामुळे कप्तानपद मिळत नाही म्हणून ती पेटून उठते, आणि कथा तिला वेडी ठरवून संपते.

प्रेक्षक बायकांनी या जागा हेरल्या. परिचारिका यानावर आली त्याआधी कोण होती? स्पॉकची आई परग्रहावर संसार करताना काय सोसत असेल? दळणवळण सांभाळणारी उहुरा एका भागात एकच वाक्य बोलते, उरलेला वेळ तिच्या मनात काय चालतं? पडद्यावर ज्यांना दोन मिनिटं मिळाली त्यांना या मासिकांत वीस-वीस पानं मिळाली. काहींनी दोन पुरुष पात्रांमधल्या मैत्रीच्या आणि प्रेमाच्या कथा लिहिल्या. ज्या नात्यात कुणी मालक नाही आणि कुणी दासी नाही असं प्रेम कसं असेल, हे त्या आपल्या परीनं शोधत होत्या. पटो न पटो, हा शोध त्यांचा होता. प्रसिद्ध स्त्रीवादी लेखिका जोॲना रस यांनीही १९८५ साली या कथांवर गंभीरपणे लिहिलं.

मालिका बंद पडणार अशी बातमी १९६७ च्या अखेरीस पसरली, तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. सूचना साधी: छापील मजकूर नको, ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत लिहावं. वाहिनीकडे लाखावर पत्रं आल्याचं सांगितलं जातं. १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं की मालिका सुरू राहील. आणखी एक वर्ष ती चालली. दारूबंदीसाठी सह्या गोळा करणाऱ्या आपल्या बायांनी या मोहिमेकडे जरूर पाहावं. लोकांना एकेकट्यानं वाटणारी गोष्ट एकमेकांपर्यंत पोहोचवणारा कागद आधीपासून फिरत असेल, तर मोहीम उभी करायला वेळ लागत नाही.

पडद्यावर दिसण्याला अर्थ असतो, हेही इथेच कळतं. उहुराचं काम करणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवलं, असं त्या स्वतः सांगत. १९७७ साली त्यांनी नासासाठी बायका आणि कृष्णवर्णीय तरुणांनी अर्ज करावेत म्हणून प्रचार केला. १९७८ च्या ३५ अंतराळवीरांच्या तुकडीत प्रथमच ६ बायका निवडल्या गेल्या. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन लहानपणी उहुराला बघत वाढल्या होत्या. मालिकेच्या नव्या अवताराला बाई कप्तान मिळायला मात्र १९९५ साल उजाडावं लागलं.

या इतिहासात आपण खास लक्ष द्यावं अशी एक गोष्ट आहे. या मासिकांकडे कोवळ्या मुलींच्या कथांचा ओघ येई. बहुतेकींची नायिका एकच: वयानं सगळ्यांत लहान, रूपानं सुंदर, हुशारीत सगळ्यांच्या वर, आणि यानावरचे सगळे तिच्या प्रेमात. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी या कथांची टिंगल करणारी एक छोटी कथा ‘मेनॅजरी’ या मासिकात लिहिली. तिच्या नायिकेचं नाव ‘मेरी स्यू’. कथा गमतीची होती. पण ते नाव पुढे शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं. आज कुठल्याही सिनेमात कर्तबगार मुलगी दिसली की ‘ही मेरी स्यू’ म्हणून तिला मोडीत काढतात. कर्तबगार नायकाला मात्र असं काही ऐकावं लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीनं स्वतःला गोष्टीच्या मध्यभागी ठेवणं हे हसण्यासारखं का वाटावं? आयुष्यात दुसरीकडे कुठे तिला मध्यभागी जागा मिळते?

हे सगळं परदेशी म्हणून बाजूला ठेवायचं म्हटलं, तर आमच्या आमगावचंच उदाहरण घ्या. भवभूतीचं पद्मपूर ते आमगावजवळचंच, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. इथल्या महाविद्यालयालाही त्याचंच नाव आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या या नाटककारानं ‘उत्तररामचरित’ लिहिताना केलं काय? रामायणाच्या शेवटी सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीनं शेवट बदलला आणि लोकांसमक्ष तिला निर्दोष ठरवून रामाशी तिची भेट घडवली. मिळालेली गोष्ट त्याला जशीच्या तशी सोसवली नाही. भवभूती पुरुष होता, पंडित होता, म्हणून त्याची ती प्रतिभा ठरली.

आपल्या आजी-पणजींनी हेच जात्यावर केलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत, आणि त्या सीतेच्या बाजूनं बोलतात. राजाच्या राज्याचं कौतुक त्यांत फारसं नाही. एकट्या बाईचं बाळंतपण, तिची सोबत, तिचा सासुरवास आहे. मोठ्या ग्रंथातली गोष्ट उचलायची आणि आपल्या अनुभवाच्या पिठात कालवून पुन्हा सांगायची, ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही.

आणि विज्ञानकथेचं म्हणाल, तर १९०५ साली बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. ती छापली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकानं, ‘इंडियन लेडीज मॅगझिन’नं. तिच्यातल्या देशात बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून प्रवास करतात, विद्यापीठं चालवतात. पुरुष पडद्यात राहतात. म्हणजे बाईचं विज्ञानस्वप्न आणि बाईचं मासिक यांचं नातं आपल्याकडेही सव्वाशे वर्षांच्या घरात गेलेलं आहे.

आता आजच्या आमगावकडे वळू. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, आणि घरी आल्यावर चूल आहेच. टीव्ही बहुतेक घरांत आहे, पण बातम्या की मालिका हे ठरवणारा रिमोट बाईच्या हाती क्वचितच असतो. मोबाईल भावाचा असतो. मुलीला तो अभ्यासापुरता मिळतो, आणि तिचं हसू जरा लांबलं की काढून घेतला जातो. मुलीच्या करमणुकीवर घराचा जेवढा पहारा असतो तेवढा तिच्या श्रमांवर कधी नसतो.

इथल्या एका गावातल्या किशोरी गटात मी मुलींना विचारलं होतं, “तुमच्या हाती अवकाशयान दिलं, तर कुठे जाल?” चंद्र, मंगळ अशी शाळेतली उत्तरं आधी आली. मग एक म्हणाली, “रात्री आठनंतर आमगाव स्टेशनवर एकटीच चहा प्यायला.” दुसरी म्हणाली, “जाईन कुठंबी, पण वापस या म्हणू नका.” आणि तिसरीनं उलट मलाच विचारलं, “ताई, यानात पाणी कोण भरते?” ‘स्टार ट्रेक’च्या तीन वर्षांच्या ७९ भागांत हा प्रश्न मध्यवर्ती कधी झाला नाही. यानाच्या स्वयंपाकघराकडे, धुण्याकडे, कामाच्या वाटणीकडे पाहण्याची नजर या मुलीकडे आयती आहे. तिच्या हाती कागद दिला तर ती लेखिका आहे. नाही दिला तर ‘मालिका बघणारी पोरगी’.

यावर आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणी आक्षेप घेतील, आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप: मारहाण, दारू, हुंडा, रोजगार हे प्रश्न असताना हे चोचले कशाला? याला माझं उत्तर असं की मारहाणीविषयी तोंड उघडायला शब्द लागतात, आणि शब्द काढायची सवय लागते. स्वतःचं दुखणं पहिल्याच दिवशी सांगणं कठीण. मालिकेतल्या बाईचं दुखणं सांगणं सोपं. ‘तिनं त्याला तेव्हाच सोडायला हवं होतं’ असं जिनं एकदा लिहिलं, तिला पुढचं वाक्य कधीतरी सुचतंच. शिवाय गरीब बाईला फक्त दुःखच असतं, तिला मौजेची गरज नाही, हे कुणी ठरवलं? फुरसतीचा हक्क हाही हक्कच आहे.

दुसरा आक्षेप: ही नटांची भक्तीच नाही का? काही अंशी आहे. पण नुसती भक्ती टाळ्या वाजवते. ‘स्पॉकनालिया’ आणि त्यानंतरच्या अंकांतल्या बायका वाद घालत होत्या, उणिवा काढत होत्या, शेवट बदलत होत्या. प्रेम होतं म्हणूनच भांडण होतं. ज्या गोष्टीशी आपलं काही देणं-घेणं नाही, तिच्याशी कोण भांडेल?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बायका फुकट राबतात आणि फायदा कंपनी उपटते. खरं आहे. तिकडच्या या लेखिकाही बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गीय, टाइपरायटर आणि थोडी मोकळी संध्याकाळ असलेल्या होत्या, हेही विसरू नये. पण फुकट राबण्याच्या प्रश्नाला त्यांच्या वारसदारांनी जे उत्तर दिलं ते शिकण्यासारखं आहे. २००७ साली एका कंपनीनं अशा कथा गोळा करून त्यावर धंदा करायचं ठरवलं, तेव्हा लिहिणाऱ्यांनी, त्यांत बायकाच जास्त, स्वतःची ना-नफा संस्था काढली आणि कथांचं स्वतःचं भांडार उभारलं. जाहिराती नाहीत, मालक नाही, काम सगळं स्वयंसेवकांचं. २०१९ मध्ये त्या भांडाराला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. बचत गट चालवणाऱ्या बाईला याचं मर्म लगेच कळेल: पेटी आपली, किल्ली आपली, हिशेब आपला.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या किशोरी गटांनी, महिला मंडळांनी मालिकांवरचे आपापले हस्तलिखित अंक काढावेत. मालिका विज्ञानाची असो, पौराणिक असो की सासू-सुनेची. ज्यांना जी आवडते ती. खर्च वही-पेनाचा आणि झेरॉक्सचा. सोळा पानं पुष्कळ झाली. मात्र काही पथ्यं पाळावी लागतील.

एक, मुलींची भाषा सुधारू नये. झाडीबोली, पोवारी, हिंदी मिसळलेली मराठी, जशी येईल तशी राहू द्यावी. शुद्धलेखनाच्या लाल शाईनं आपल्याकडे जेवढ्या लेखिका मारल्या तेवढ्या कदाचित बंदीनंही मारल्या नसतील.

दोन, नाव छापायचं की टोपणनाव, हे लिहिणारीनं ठरवावं. तिकडेही अनेकजणी टोपणनावानं लिहीत; घरी, नोकरीत हसं होईल ही भीती त्यांनाही होती. आपल्याकडे तर भीती हसण्यापुरती थांबत नाही.

तीन, पत्रांची पानं हवीतच. एका गावच्या अंकाला दुसऱ्या गावच्या गटानं उत्तर द्यावं. ‘स्पॉकनालिया’सारख्या अंकांचा जीव कथांइतकाच पत्रांत होता.

चार, आणि हे आपल्याला सर्वांत जड जाईल: अंकातून संदेश जावा असा हट्ट धरू नये. आपल्याला प्रत्येक पथनाट्याच्या शेवटी घोषणा लागते. मुलीनं लिहिलं की नायिका सुंदर आहे, श्रीमंत आहे आणि सगळे तिच्या प्रेमात आहेत, तर तसंच छापावं. ‘मेरी स्यू’ म्हणून तिला हसू नये आणि ‘हे पुरुषप्रधान आहे’ म्हणून खोडूही नये. पुढच्या अंकात तिची मैत्रीणच तिला विचारील की तुझी नायिका काम काय करते. तो प्रश्न मैत्रिणीकडून आलेला बरा.

आणि पाच, अंक घरी नेता यावा. घरच्यांनी तो वाचावा, त्यावर वाद व्हावा. आजीलाही विचारावं, तुझ्या ओवीतली सीता काय म्हणत होती? तीही लेखिकाच आहे. तिचं नाव कुठे छापून आलं नाही, इतकंच.

पुढच्या शिबिरात प्रसारमाध्यमांचं सत्र असेल, तेव्हा फळ्यावरची यादी थोडी आखूड करा. शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवा, कोरे कागद वाटा आणि एवढंच सांगा: कालचा भाग जिथे संपला, तिथून पुढे तू लिही.